घरकुलाच्या फोटोत ऊन दिसत नाही

प्रति,
मा. सचिव, ग्रामविकास विभाग,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई

विषय: घरकुलाच्या छताबाबत

महोदय,

स.न.वि.वि.

मी औसा तालुक्यात गेली वीस वर्षे घरे बांधतो. सरकारी योजनेच्या यादीतली घरकुले मोजली तर चाळिसाच्या वर भरतील. मोठा ठेकेदार वगैरे नाही. दोन गवंडी, चार मजूर, सेंट्रिंगच्या प्लेटा भाड्याच्या. वडील गवंडी होते, मी पुढे आयटीआय केले, एवढाच फरक. हे पत्र तक्रारीचे नाही. पैसे अडकलेत म्हणूनही लिहीत नाही (अडकलेले असतात, पण ते कोणाचे नसतात?). मला फक्त छताबद्दल बोलायचे आहे.

गेल्या मे महिन्यात नात्यातल्या एका मावशीकडे गेलो होतो. तिचे घरकुल मीच बांधलेले. रात्रीचे नऊ वाजले होते. मावशी म्हणाली, "भाच्या, बाजेवर उभा राहा अन् वर हात लावून बघ." लावला. तवा चुलीवरून उतरवून बराच वेळ झाला तरी हाताला जसा लागतो, तसा तो स्लॅब लागत होता. सूर्य मावळून दोन तास झाले होते. पंखा फिरत होता आणि वरची सगळी धग खाली ढकलत होता. मावशीने स्वतःची बाज केव्हाच अंगणात काढली होती. पण घरात लेक बाळंत झालेली, पोर एकोणीस दिवसांचे. बाळंतिणीला अंगणात कसे झोपवणार? मग मायलेकरांना शेजारच्या पडक्या वाड्यात, माळवदाची, म्हणजे मातीच्या छताची, एक खोली अजून उभी आहे तिथे, नेऊन ठेवले होते. भिंतीला भेगा पडलेल्या, दार नीट लागत नाही, पण आत गेलो तर गारवा.

नवे पक्के घर सोडून ओली बाळंतीण पडक्या घरात. त्या घरकुलाचा शेवटचा फोटो काढला तेव्हा मी तिथेच उभा होतो. दारात मावशी, भिंतीवर योजनेची पाटी. अक्षांश-रेखांशासह फोटो वर गेला, हप्ता खात्यात आला. कागदावर ते घर पूर्ण आहे आणि त्यात खोटे काहीच नाही. जोते पाहिले, भिंती पाहिल्या, छत पाहिले, संडास पाहिला. छत आहे की नाही हे फोटोत दिसते. छताखाली माणूस राहू शकतो की नाही, हे दिसत नाही.

छतावरच एवढा अडून का बसलोय, त्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

1993 साली मी नऊ वर्षांचा होतो. आमचे गाव किल्लारीपासून फार लांब नाही. गणपती विसर्जन करून माणसे झोपली होती आणि 30 सप्टेंबरच्या पहाटे चार वाजायच्या आत सगळे झाले. आठ हजारांच्या आसपास माणसे गेली. त्यातली बहुतेक माळवदाखाली गेली, हे मी माळवद बांधणाऱ्याचा मुलगा म्हणून सांगतो. मातीत रचलेल्या दगडाच्या दोन-अडीच फुटी भिंती, आतला आणि बाहेरचा पदर एकमेकांना न बांधलेला, आणि वर लाकडाच्या तुळया-पाटण्यांवर फूट-दीड फूट माती. दरवर्षी मृगाच्या आधी वर पांढऱ्या मातीचा नवा थर टाकायचा. जुना कोणी काढत नसे. तीस-चाळीस वर्षांत छताचे वजन किती झाले, याचा हिशोब कोणी ठेवला नव्हता. आमच्या वडिलांनी त्यानंतर माळवदाला हात लावला नाही. चाळिशीत स्लॅबचे काम शिकले, स्वतःपेक्षा लहान मिस्त्रीच्या हाताखाली.

त्या वेळी शासनाने दोन रस्ते धरले होते. एक, 52 गावे नव्या जागी वसवणे; आखीव रस्ते, आरसीसीची घरे. दुसरा, उभी राहिलेली घरे दुरुस्त आणि मजबूत करणे: छतावरची जादा माती उतरवा, भिंतीत आरपार दगड बसवा, वरून सिमेंटचा पट्टा फिरवा. हा दुसरा रस्ता शहाणपणाचा होता. दगडाची जाड भिंत ठेवायची आणि तिच्यातला धोका काढायचा. पण लोकांच्या मनातून दगडच उतरला होता. ज्या घराने माणसे गिळली त्याला पट्टा बांधून काय करायचे, असे म्हणायचे. चूक कोणाची नव्हती. तेव्हापासून आमच्याकडे पक्के म्हणजे स्लॅब, एवढाच अर्थ उरला आणि सरकारी योजनांनीही तोच धरला.

म्हणून आधीच सांगतो, मी स्लॅबच्या विरोधात नाही. माळवद परत आणा असे म्हणणारे लोक बहुधा पुण्याहून येतात, फोटो काढतात आणि संध्याकाळी परत जातात. आम्हाला स्लॅबच हवा. भूकंपाने आम्हाला घर पडू नये हे शिकवले. घर तापू नये हे मात्र आम्ही त्याच मातीबरोबर खाली टाकून दिले. या दोन गोष्टी एका घरात बसवणे अवघड नाही. फक्त ते कोणाच्या यादीत नाही.

यादी म्हणजे काय ते पाहू. प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीणमध्ये सपाट भागासाठी 1 लाख 20 हजार, किमान 25 चौरस मीटर जागा, संडासाचे वेगळे 12 हजार, रोजगार हमीतून 90 दिवसांची मजुरी. राज्याने 2025 मध्ये 50 हजारांची भर घातली, त्यातले 15 हजार छतावरच्या सौर संचासाठी. पाच ब्रासपर्यंत वाळू मोफत (नदीकाठावर मोफत, दारापर्यंत आणायचा खर्च लाभार्थ्याचा). योजनेच्या मार्गदर्शक सूचनांत स्थानिक साहित्य, हवामानाला साजेशी रचना, प्रशिक्षित गवंडी असे सगळे लिहिले आहे. वेगवेगळ्या भागांसाठी घरांचे नमुनेही केंद्राने काढून ठेवले आहेत. मी ते पाहिलेत, चांगले आहेत. पण हप्ता नमुन्यावर सुटत नाही, टप्प्यावर सुटतो. ज्याच्यावर हप्ता सुटतो तेच बांधले जाते. बाकीचे पुस्तकात राहते.

दुसरीकडे, घर तापू नये यासाठी देशात नियमच नाहीत असेही नाही. 2018 च्या डिसेंबरमध्ये इको निवास संहिता आली, खास राहत्या इमारतींसाठी. तीत छताचा एक आकडा आहे: बाहेर-आतल्या तापमानात एका अंशाचा फरक असला तर छताच्या एका चौरस मीटरमधून 1.2 वॅटपेक्षा जास्त उष्णता पार होता कामा नये. आपल्या घरकुलावरच्या चार-पाच इंची उघड्या स्लॅबचा हाच आकडा 3 च्या पुढे जातो. म्हणजे संहितेला जेवढी चालते त्याच्या अडीच-तीनपट. पण ती संहिता 500 चौरस मीटर आणि त्यावरच्या भूखंडांसाठी आहे. मावशीचा भूखंड पाचशे फुटांचा. 2022 मध्ये ऊर्जा संवर्धन कायदा दुरुस्त झाला आणि राहत्या इमारती कायद्यात आल्या, तिथे मर्यादा ठरली 100 किलोवॅट जोडभाराची. मावशीकडे दोन बल्ब, एक पंखा, एक टीव्ही. सगळे एकदम लावले तरी दोनशे वॅट भरत नाहीत. कायद्याच्या नजरेस पडायचे तर अशी पाचशे घरे एका मीटरवर जोडावी लागतील.

शहरातल्या बिल्डरला राज्याच्या 2020 च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत हरित इमारतीचे मानांकन मिळवले की 3 ते 7 टक्के जादा चटई क्षेत्र, म्हणजे तेवढे जादा बांधकाम, मिळते. मिळू दे, वाईट नाही. एसी कमी चालला तर वीज वाचते, हा त्यामागचा हिशोब. आमच्याकडे एसी नाही, म्हणून वाचवायला वीज नाही, म्हणून ऊर्जा-कार्यक्षम घराच्या हिशोबात आम्ही नाहीच. पण उकाडा वाचवायचा असेल तर? तो कोणत्या खात्यात धरायचा?

कोणी म्हणेल, कूलर घ्या. लातूरकराला हे सांगताना जरा जपून. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेच्या वाघिणींतून आम्हाला प्यायला पाणी आले होते. ज्या महिन्यांत कूलर लागतो नेमक्या त्याच महिन्यांत टँकर लागतो. संध्याकाळी स्लॅबवर पाणी मारायची पद्धत आमच्याकडेही आहे. चार बादल्या टाकल्या की वाफ निघते, तासभर बरे वाटते. पण बाई हंडा डोक्यावर आणते तेव्हा त्यातली बादली छतावर ओतायला तिचा हात होत नाही. मावशीने एकदा मला हिशोब सांगितला होता: छताला पाणी मारले की म्हशीला कमी पडते. म्हैस जिंकली.

आता आम्ही काय करून पाहिले ते सांगतो. दोन वर्षांपूर्वी एका घरकुलावर, मालकाच्याच आग्रहाने, वरून चुना मारला. कळीचा चुना रात्रभर भिजवला, गाळला, त्यात डिंक, दोन हात. शिमग्याच्या आसपास, ऊन चढायच्या आत. तीनशे चौरस फुटांचे छत, साहित्य आणि एक दिवसाची मजुरी धरून आमच्या भागात हजार-दीड हजारात काम झाले. चुन्याने वरचा 3 चा आकडा बदलत नाही, हे मान्य. स्लॅब तोच राहतो. पण पांढरे छत ऊन आत घेण्याऐवजी बरेचसे परत पाठवते, म्हणून दिवसभर स्लॅबमध्ये साठणारी धगच कमी होते. त्या घरातली माणसे त्या उन्हाळ्यात आत झोपली. माझ्याकडे यंत्राने मोजलेले आकडे नाहीत. बाज कुठे टाकली एवढेच मोजमाप.

चुन्याच्या अडचणीही आहेत, त्या लपवत नाही. पावसात तो धुपतो, धुळीने मळतो, दरवर्षी नाहीतर वर्षाआड मारावा लागतो. आमच्या आज्या दरवर्षी माळवदावर माती टाकायच्या, तेव्हा वर्षाला एकदा छताकडे पाहणे आम्हाला नवे नाही, मोडलेली सवय आहे. फुटक्या फरशीचे पांढरे तुकडे बसवले तर ते वर्षानुवर्षे टिकतात, पण खर्च कितीतरी जास्त, आणि लोक नको म्हणतात. का नको म्हणतात हे मंत्रालयात कोणी सांगितले नसेल म्हणून सांगतो. आमच्याकडच्या कुठल्याही घरकुलाच्या छतावर चढा, कोपऱ्या-कोपऱ्यात कॉलमच्या सळया दोन-दोन फूट वर काढून ठेवलेल्या दिसतील. पोरगा कमावता झाला की वर मजला चढवायचा. तो मजला वीस वर्षे येत नाही, सळया गंजतात, पण आशा असते. ज्या छतावर उद्या भिंत येणार आहे त्यावर आज कोण फरशी बसवेल? शिवाय त्याच छतावर कुरडया वाळतात, तूर पसरतात, रात्री माणसे झोपतात. तेव्हा जे काही कराल ते चालता येण्याजोगे, स्वस्त आणि उद्या खरवडून काढता येण्याजोगे हवे. चुना या तिन्हींत बसतो.

सौर संचाबद्दल माझे मत थोडे कडवट आहे. पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटसाठी किलोवॅटमागे 30 हजारांचे अनुदान आहे, वर राज्याचे 15 हजार. चांगली गोष्ट आहे. एक किलोवॅटच्या पॅनलला साधारण शंभर चौरस फूट छत लागते, ते उंच स्टँडवर बसवले तर तेवढ्या छतावर सावलीही पडते, हा फायदा कोणी सांगत नाही. पण आमच्याकडे बसवतात तो संच ग्रीडला जोडलेला. रात्री तो वीज देत नाही हे सगळ्यांना कळते. गावातली लाईन गेली की दिवसासुद्धा तो बंद पडतो, हे बसवल्यावर कळते. स्लॅबची धग रात्री उतरते, आणि आमची लाईनही रात्रीच जाते. तापलेल्या छतावर आधी पॅनल चढवून त्याच्या विजेवर खाली पंखा फिरवायचा, म्हणजे भोक बुजवायच्या आधी पाणी उपसत बसायचे. आधी छत, मग पॅनल. आणि पॅनलच्या पैशातून एखादा तीस-पस्तीस वॅटचा नव्या धर्तीचा पंखा दिला तर पंख्याचे बिलही निम्म्यावर येईल. आमचे जुने पंखे सत्तर-पंचाहत्तर वॅट खातात.

छताखालोखाल पश्चिमेची भिंत. इथे तर पैसाही लागत नाही. संडास-न्हाणी कुठे काढायची हे शेवटी ठरते, उरलेल्या जागेत. तीच पश्चिमेला काढली तर दुपारचे ऊन न्हाणीच्या भिंतीवर जाते, खोलीच्या नाही. जिन्याचेही तेच. त्या बाजूला छज्जा दीड फूट बाहेर काढला, समोरासमोर दोन खिडक्या दिल्या, तर फरक पडतो. गावठाणात भिंतीला भिंत लागून घरे असतात, तिथे दोन बाजूंना खिडकीच निघत नाही. अशा घरात आमचे जुने लोक छताला सवणे ठेवायचे, वरून उजेड यायचा आणि गरम हवा निघून जायची. स्लॅबमध्ये मी एकदा सवणे ठेवले, वर सिमेंटची टोपी करून, पाऊस आत येऊ नये म्हणून. पाहणीला आलेल्या माणसाने विचारले, हे भोक कशाला? नकाशात नाही. बुजवले.

त्या माणसाचाही दोष नाही. त्याच्याकडे मोबाईल होता, मोबाईलमध्ये चार टप्पे होते, भोकाचा टप्पा नव्हता.

माझे मागणे लहान आहे. शेवटचा फोटो दारातून काढता, तसा एक छतावरून काढा. छत पांढरे दिसले, चुना असो, पांढरी फरशी असो, रंग असो, तर घर पूर्ण. त्यासाठी दोन हजार रुपये वेगळे द्या. 50 हजारांच्या वाढीतूनच काढले तरी कोणी कुरकुर करणार नाही. ते जिल्हा दरसूचीत बाब म्हणून घाला, कारण दरसूचीत नसलेली गोष्ट अभियंत्याला दिसत नाही. पुढच्या वर्षांचा चुना ग्रामपंचायतीच्या उन्हाळ्यापूर्वीच्या कामांत बसवा. नमुना नकाशात संडास पश्चिमेला दाखवा, आणि सवण्याला परवानगी द्या. ग्रामीण गवंडी प्रशिक्षण 45 दिवसांचे असते, त्यातला एक दिवस छताला द्या. आमचे गवंडी पन्नास वेळा स्लॅब भरतील, पण त्याच्यावर ऊन पडल्यावर काय होते हे कोणी त्यांना दाखवलेले नाही. माझ्या वडिलांना ते माहीत होते, पण त्यांचे ज्ञान ज्या घरात होते ते घर पडले.

हे काही जगावेगळे नाही. शेजारच्या तेलंगणाने 2023 मध्ये थंड छतांचे धोरण काढले, 2028 पर्यंत 300 चौरस किलोमीटर छतांचे लक्ष्य ठेवले. अहमदाबादने 2013 मध्ये उष्णतेचा कृती आराखडा केला, पुढे तिथल्या वस्त्यांतल्या पत्र्यांवर पांढरा रंग मारला गेला. नागपुरात त्याच 2013 च्या मे महिन्यात पारा 47.9 अंशांवर गेला होता, तेव्हा विदर्भातल्या मंडळींना तर हे मी सांगायची गरज नाही. तिथे कौले काढून स्लॅब झाले, आमच्याकडे माळवदे पडून स्लॅब झाले. कारणे वेगळी, पण मे महिन्यातली रात्र सारखीच.

2024-25 मध्ये राज्यात सुमारे वीस लाख घरकुले मंजूर झाली. काही अजून जोत्यावर आहेत. स्लॅब भरायच्या आत हे ठरले तर सवण्यापर्यंत सगळे होईल. स्लॅब भरल्यावर फक्त चुना उरतो.

आपल्याकडून कोणी पाहणीला येणार असेल तर अवश्य यावे. चुना मारलेले घर आणि न मारलेले घर एकाच गल्लीत आहेत, मी दोन्ही दाखवीन. फक्त दुपारी येऊ नका, दुपारी सगळेच तापलेले असते, काही कळत नाही. मे महिन्यात या, रात्री नऊच्या सुमारास, आणि बाजेवर उभे राहायची तयारी ठेवा.

आपला,
औसा तालुक्यातला एक बांधकाम करणारा